नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

गेल्या मार्गशीर्षात मला नातू झाला. मुलगा आणि सूनबाई नोकरीनिमित्त पुण्यात असतात. बाळंतपणही तिकडेच झाले. बारशाच्या दोन दिवस आधी मुलाचा फोन आला. ''अण्णा, नावाचं काही सुचतंय का तुम्हांला?'' दत्तजयंतीच्या आसपासचा जन्म. मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, ''माणिक.''

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मुलगा हलकेच म्हणाला, ''अण्णा, इकडे ते मुलीचं नाव समजतात.'' मागून सूनबाईंचा आवाज आला, ''आणि जरा जुनंही वाटतं ना, बाबा?''

मी 'बरं बरं' म्हणून फोन ठेवला. फोनवर उत्तर सुचत नाही; ते रात्री झोप उडाल्यावर सुचते. हा लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर आहे. पण ते माझ्या सुनेसाठी नाही. ती पोर पुण्यात वाढली, तिला जे ठाऊक ते ती बोलली. हे उत्तर आहे बिदर आणि कलबुर्गीच्या सीमाभागात राहणाऱ्या तुम्हांआम्हां शहाण्यासुरत्यांसाठी. आपल्याला सगळे ठाऊक असून आपण गप्प बसतो, आणि गप्प बसण्यालाच समंजसपणा म्हणतो.

पहिला आक्षेप आधी निकालात काढू. माणिक हे मुलीचे नाव आहे काय? आहे. गायिका माणिक वर्मा (१९२६ ते १९९६) यांच्या नावाने ते महाराष्ट्राच्या घराघरांत गेले. जयपूर घराण्याच्या गायिका माणिक भिडे यांचेही नाव तेच. पण म्हणून ते मुलग्याचे नाही, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते? मराठी व्याकरणात माणिक हा शब्द ना पुल्लिंगी ना स्त्रीलिंगी. ते माणिक, म्हणजे नपुंसकलिंगी. व्याकरणाने हात वर केले की निकाल व्यवहार देतो. त्या व्यवहारात हिऱ्यावरून हिराजी झाला आणि हिराबाईही झाली, किरण मुलगाही असतो आणि मुलगीही. पुण्याच्या बाहेर नजर टाकली तर माणिक हा उभ्या हिंदुस्थानात पुरुषच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी १९०९ साली बंडोजींच्या घरी जन्मलेल्या मुलाचे नाव माणिक ठेवले होते; पुढे जग त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज म्हणून ओळखू लागले. बंगालात माणिक बंद्योपाध्याय हे मोठे कादंबरीकार होऊन गेले, आणि सत्यजित राय यांना घरची माणसे माणिक म्हणूनच हाक मारीत. त्रिपुराचे राजे पिढ्यान्‌पिढ्या 'माणिक्य' हे बिरुद नावामागे लावीत. तमिळ देशात शैव संतकवी माणिक्कवाचकर यांचे नाव हजारएक वर्षे लोकांच्या ओठांवर आहे. बंगालच्या खेड्यांत माणिक पीर म्हणून गुराढोरांचा रक्षक मानतात आणि त्याला हिंदू-मुसलमान दोघेही भजतात. इतक्या प्रांतांत जो पुरुष आहे, तो मुळा-मुठेच्या पाण्यात स्त्री झाला म्हणून आपण बिदरमध्ये बसून त्याला लुगडे नेसवायचे काय?

आता आपल्या घरच्या माणिकाकडे येऊ. रत्नावरून नाव ठेवण्याची चाल जुनी आहे आणि ती साऱ्या देशात आहे, हे वर आलेच. पण आपल्या दोन जिल्ह्यांत हे नाव ज्या गतीने पसरले, त्याला कारण दुकानातले रत्न नव्हे. त्याला कारण हुमनाबादजवळचे माणिकनगर.

माणिकप्रभूंचा जन्म १८१७ सालच्या दत्तजयंतीचा, कल्याणजवळच्या लाडवंती गावचा. वडील मनोहर नाईक हरकुडे, आई बयादेवी. बालपण कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात गेले. ज्या गावी बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या अनुभवमंटपाने जातीपातीच्या भिंती हलवल्या, त्याच गावच्या मातीत हे मूल खेळले. पुढे १८४५ च्या सुमारास त्यांनी हुमनाबादजवळ गुरुगंगा आणि विरजा यांच्या संगमावर मुक्काम केला. तेच आजचे माणिकनगर. १८६५ साली मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला त्यांनी तेथेच समाधी घेतली. आयुष्य अठ्ठेचाळीस वर्षांचे. त्यांनी स्थापलेल्या संप्रदायाचे नाव सकलमत. सगळ्या मतांना त्यात जागा आहे, एकालाही नकार नाही. दत्तभक्त त्यांना दत्तावतार मानतात. लिंगायतांनी त्यांच्यात बसवण्णा पाहिला आणि मुसलमानांनी मेहबूब सुभानी पाहिला, असे संप्रदायाची परंपरा सांगते. त्यांची पदे मराठीत आहेत, कानडीत आहेत, हिंदी-उर्दूच्या मिश्र बोलीतही आहेत. ज्याला जी भाषा कळते त्याच्याशी त्याच भाषेत बोलायचे, एवढे साधे हे धोरण. निजामाच्या राज्यात, तीन-चार भाषांच्या बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला ते कोणी शिकवावे लागले नाही.

अशा पुरुषाचे नाव लोकांनी आपल्या मुलांना दिले नसते तरच नवल. मूल होत नाही म्हणून नवस केला, मूल झाले, नाव माणिक. दत्तजयंतीला जन्मले; नाव माणिक. आधीची दोन गेली, तिसरे जगले, नाव माणिक. येथे एक गंमत आहे, तिकडे लक्ष वेधावेसे वाटते. मुले जगत नसत तेव्हा आपले लोक त्यांना दगडू, धोंडू, कचरू अशी नावे ठेवीत. हेतू हा की, मृत्यूने त्याला टाकाऊ समजून पुढे जावे. आणि त्याच घरात, त्याच भीतीपोटी, दुसऱ्या मुलाचे नाव माणिक ठेवीत. दगडू हाही दगडच आणि माणिक हाही दगडच. एकात मृत्यूला फसवण्याची युक्ती, दुसऱ्यात गुरूच्या पायावर मूल घालून निर्धास्त होण्याची श्रद्धा. ज्या घरात गुंजभर सोने नव्हते, त्या घरातही एक माणिक असे. आणि तो ब्राह्मणाच्या घरी होता, मराठ्याच्या घरी होता, लिंगायताच्या, धनगराच्या, महारामांगाच्या घरीही होता. नावावरून जात ओळखण्याची सवय लागलेल्या आपल्या समाजात, ज्या नावावरून जात ओळखता येत नाही अशी नावे किती उरली आहेत, मोजून पाहा.

जात ओळखता येत नसे, तशी भाषाही ओळखता येत नसे. माणिक हाक मारली की हाक मारणारा मराठी की कानडी हे कळत नाही. 'ण' दोन्ही भाषांत आहे, शब्द दोन्ही भाषांत आहे. कानडी माणूस आदराने पुढे अप्पा लावी, मराठी माणूस राव लावी. अप्पा, अण्णा, अक्का हे शब्द कानडीतून येऊन आपल्या माजघरात पाट मांडून बसले, आणि राव कानडी-तेलुगू मुलखात जाऊन तिकडचाच झाला. माझा मुलगा मला अण्णा म्हणतो तेव्हा त्याला ते कानडी वाटत नाही. वाटण्याचे कारणही नाही. देवाणघेवाण अशी झाली की घेतले कोणी आणि दिले कोणी, याची पावती कोणी ठेवली नाही.

पावत्या मागण्याची रीत सुरू झाली ती १९५६ नंतर. त्या वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आपल्यासकट म्हैसूर राज्यात आले. एकाच आजोबाचे दोन नातू, दोघांचेही नाव आजोबाच्या नावावरून माणिक. उदगीरकडचा शाळेत गेला आणि माणिकराव झाला, भालकीकडचा शाळेत गेला आणि माणिकप्पा झाला. दोघे भाऊ लग्नकार्यात भेटत, एकमेकांना 'माणक्या' म्हणत, आणि पुन्हा आपापल्या राज्यात परतून राव आणि अप्पा होत. तोवर त्यात दु:ख नव्हते, थट्टा होती. दु:ख पुढे आले. सीमावादाने डोकी तापली तेव्हा आपल्यातल्या काही शुद्धिवाद्यांना अप्पा खुपू लागला, आणि तिकडच्या काहींना राव खुपू लागला.

मी हे दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. त्या शुद्धिवाद्यांत मी होतो.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. मी नुकताच एम. ए. होऊन एका खेड्यातल्या मराठी शाळेत लागलो होतो. जूनमधली प्रवेशाची गर्दी. एक शेतकरी बाप मुलाला घेऊन आला. नाव विचारले, म्हणाला, ''माणिकप्पा.'' घर मराठी बोलणारे, मुलगा मराठी बोलणारा, बाप माझ्याशी मराठीतच बोलत होता. मी मनात म्हणालो, हे अप्पा येथे कशाला? आणि त्याला न विचारता रजिस्टरात लिहिले 'माणिकराव'. मराठीची सेवा केल्याचे समाधान मला त्या दिवशी वाटले, हे कबूल करतो. बापाला वाचता येत नव्हते. ज्याला वाचता येत नाही त्याच्या मुलाच्या नावात फेरफार करणे यात पुरुषार्थ तो कसला, हे तेव्हा कळले नाही.

वीसएक वर्षांनी तोच मुलगा, आता मिशा फुटलेला बाप्या, माझ्यासमोर येऊन बसला. वडील वारले होते. शेतीच्या पहाणीवर वारस म्हणून नाव चढवायचे होते. गावच्या कागदांत तो माणिकप्पा. शाळेच्या दाखल्यात आणि गुणपत्रिकेत माणिकराव. कुठल्याशा ओळखपत्रात नुसताच माणिक, आणि तोही 'मनिक' असा. कचेरीत त्याला सांगण्यात आले की, ही तीन माणसे आहेत, वारस नेमका कोण ते ठरवून या. तो स्टॅम्पपेपर घेऊन, नोटरीकडून ॲफिडेव्हिट करून आला होता. त्यावर शाळेचा दाखला आणि माझी सही हवी होती. कागद पुढे सरकवत तो म्हणाला, ''गुरुजी, मी एकलाच हाय की. तिघं कुठून आणू?''

मी सही केली. माझी चूक मी त्याला सांगितली नाही. तो खेटे घालून दमला होता, आणि जाताना पाया पडून गेला. त्या दिवसापासून प्रवेशाच्या टेबलावर मी स्वत: बसतो. बाप जे नाव उच्चारील ते, तसेच्या तसे, दोनदा वाचून दाखवून लिहितो. माणिकप्पा म्हणाला तर माणिकप्पा. मराठी शाळेच्या रजिस्टरात अप्पा आल्याने मराठी बाटत नाही. ती इतकी लेचीपेची असती तर निजामाच्या उर्दू राजवटीतच संपली असती.

त्या राजवटीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक सांगतो. माझ्या आजोबांचे नाव माणिक. त्यांचे निजामी अमलातले जमिनीचे कागद आमच्या ट्रंकेत आहेत, सारे उर्दूत. उर्दूच्या लिपीला 'ण' नाही आणि ऱ्हस्व स्वर लिहिण्याची सक्ती नाही. तेव्हा माणिकचा झाला 'मानक'. रत्न गेले आणि मोजमापाचे माप आले. मग इंग्रजी आली. तिलाही 'ण' माहीत नाही, आणि 'मा' दीर्घ की ऱ्हस्व याचीही तिला पर्वा नाही. आज संगणकावर नाव आधी इंग्रजीत भरतात आणि मग यंत्र त्याचे कानडी करते. तेथे 'ण' असलेल्या कानडीतसुद्धा तो 'न' होऊन येतो. ज्या दोन भाषांना हे नाव नीट म्हणता येते आणि नीट लिहिता येते, त्या दोन भाषा एकमेकींशी भांडत बसल्या. आणि त्यांच्या मधून नाव बिघडून निघून गेले. सीमाभागाची कैफियत याहून थोडक्यात मांडता येईल असे मला वाटत नाही.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ८६५ गावांचा ठराव महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०२२ च्या डिसेंबरात पुन्हा एकदा केला. न्यायालय काय तो निकाल देईल. मी त्यावर बोलण्याचा अधिकारी नाही. पण गावांची यादी तोंडपाठ असलेल्या माझ्या मित्रांना एक विचारतो. त्या गावांतल्या मुलांची नावे काय आहेत, हे तुम्ही कधी पाहिलेत? गाव मराठी आहे हे सिद्ध करायला आपण जुने शिलालेख शोधतो, सनदा शोधतो, आणि आजोबाचे नाव मात्र नातवाला द्यायला लाजतो.

'जुनं वाटतं' हा दुसरा आक्षेप. खरे सांगायचे तर हाच मुख्य. मुलीच्या नावाचा आक्षेप निमित्तापुरता. जुने म्हणजे काय? शंभर वर्षांपूर्वीचे ते जुने, तर मग हजार वर्षांपूर्वीचे अर्जुन आणि अर्णव नवे कसे झाले? आमच्या वर्गांत आता रेयांश येऊ लागले आहेत. एका पालकांना मी आदराने अर्थ विचारला. म्हणाले, ''सर, सूर्याच्या किरणाचा अंश.'' मी संस्कृत कोश उघडला. 'रेय' काही सापडेना. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की, पहिला भाग इंग्रजी आहे आणि दुसरा संस्कृत! असो. संकराला माझा विरोध नाही, माणिकप्पाही एका अर्थी संकरच. पण ज्यांना सूर्याचाच अंश हवा आहे त्यांना एवढे सांगतो की, नवग्रहांच्या नवरत्नांत सूर्याचे रत्न माणिक. तुम्ही जे शोधत मोबाईल चाळता आहात ते तुमच्या आजोबांच्या सातबाऱ्यावर आणि पहाणीवर लिहिलेले आहे.

जुने याचा खरा अर्थ वेगळा आहे, आणि तो आपण तोंडाने उच्चारत नाही. जुने म्हणजे खेडवळ. खेडवळ म्हणजे गरीब. आणि आपल्याकडे त्यात आणखी एक भर: खेडवळ म्हणजे 'बॉर्डरवाले'. पुण्या-मुंबईला गेल्यावर आपले मराठी ऐकून लोक विचारतात, ''तुम्ही मूळचे कर्नाटकातले का?'' आणि बंगळूरला आपले कानडी ऐकून लोक विचारतात, ''तुम्ही मराठी का?'' दोन्हीकडे पाहुणे असलेल्या माणसाला वाटते, निदान मुलाच्या नावावर तरी हा शिक्का नको. ही वेदना मला कळते. ती खोटी नाही. पण तिच्यावरचा हा उपाय खोटा आहे. नाव बदलून बोली लपत नाही. आणि बोली लपवून लपवून शेवटी मूल एकही बोली धड बोलत नाही, हे मी शिक्षक म्हणून रोज पाहतो. घरी इंग्रजी-मिश्रित काहीतरी, शाळेत पाठांतराचे इंग्रजी, आजीशी बोलायला शब्द नाहीत. अशा मुलाचे नाव काय आहे याला मग फारसा अर्थ उरत नाही, हेही खरे.

हे एकट्या माणिकचे नाही. बिदरजवळच्या खानापूरच्या मैलाराचा मैलारी घ्या. आपल्याकडे मल्हारी, मार्तंड, खंडेराव. कानडीत मैलारी, मल्लण्णा, मल्लप्पा. देव एकच, भंडारा एकच, नावे डझनभर, आणि सगळी मावळतीला लागलेली. पुण्याकडे अलीकडे 'मल्हार' हे नाव फार चालते असे दिसते. त्याला कोणी जुने म्हणत नाही. म्हणजे मल्हार शहरात गेला, परत आला आणि नवा झाला. मैलारी गावातच राहिला, म्हणून जुना! दोष नावाचा नाही, पत्त्याचा आहे.

आता तिसरा आक्षेप, आणि तो सर्वांत सभ्य आहे. लोक म्हणतात, ''सर, मूल ज्याचे, नाव त्याचे. तुम्ही कोण?'' मान्य. शंभर टक्के मान्य. रजिस्टरात न विचारता राव लिहिणाऱ्या माणसाला तर हे दुप्पट मान्य असले पाहिजे. नाव ठेवणे हा आईबापांचा हक्क आहे, आपल्या रीतीप्रमाणे पाळण्याजवळ वाकणाऱ्या आत्याचा मान आहे. मुख्याध्यापकाचे त्यात काम नाही. माझे भांडण नाव ठेवणाऱ्यांशी नाहीच. ते आहे नावे ठेवणाऱ्यांशी. आवडले नाही म्हणून माणिक नको, हे ठीक. दुसरे अधिक आवडले म्हणून माणिक नको, हेही ठीक. पण लाज वाटली म्हणून माणिक नको, हे ठीक नाही. निवड आणि लाज यांत फरक आहे, आणि तो ज्याचा त्याला आतून कळतो.

मलाही कळला होता. येथे दुसरी कबुली देतो. माझा मुलगा झाला तेव्हा माझ्या वडिलांनी एकदाच म्हटले होते, ''दादांचं नाव ठेवा.'' दादा म्हणजे माझे आजोबा माणिक. मी तरुण, नवा शिक्षक, चार पुस्तके वाचलेला. मी म्हणालो, ''अप्पा, शाळेत मुलं चिडवतील.'' वडील पुन्हा बोलले नाहीत. बारशाला आले, पेढे खाल्ले, नातवाला नव्या नावाने हाक मारायला शिकले. त्या वेळी कोणी चिडवणारा नव्हता. वर्गात तेव्हा आणखी दोन माणिक होते आणि त्यांना कोणी चिडवत नव्हते, हे मला शिक्षक म्हणून चांगले ठाऊक होते. लाज माझी होती, मी ती मुलांच्या नावावर खपवली. आज माझ्या मुलाने मला जे उत्तर दिले ते त्याने कोठून आणले? मीच शिकवलेला धडा त्याने मला म्हणून दाखवला. शिक्षकाला याहून चोख पगार मिळत नाही.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शाळेची जुनी आणि नवी प्रवेश-रजिस्टरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. कामासाठी नव्हे, खोडीसाठी. जुन्या रजिस्टरांत पहिल्या रकान्यात, विद्यार्थ्याच्या नावाच्या, पुन:पुन्हा माणिक भेटतो. कोठे माणिक, कोठे माणिकराव, कोठे माणिकप्पा. नव्या रजिस्टरांच्या पहिल्या रकान्यात तो शोधून सापडेना. मला वाटले, संपला. मग माझी नजर दुसऱ्या रकान्यावर गेली, वडिलांच्या नावाच्या. तेथे तो होता! कुठल्याशा नवख्या, झुळझुळीत नावाच्या मागे, मुकाट्याने, बाप होऊन उभा होता.

माणिकनगरच्या पीठावर एक परंपरा आहे. प्रभूंनंतर जे जे पीठावर बसले त्यांनी आपल्या नावापुढे माणिकप्रभूंचे नाव लावले: मनोहर माणिकप्रभु, मार्तंड माणिकप्रभु, शंकर माणिकप्रभु, सिद्धराज माणिकप्रभु, आज ज्ञानराज माणिकप्रभु. आपल्या रीतीत ज्या जागी बापाचे नाव येते त्या जागी गुरूचे नाव. तेथे ती जागा पक्की आहे. किती पिढ्या गेल्या तरी ते नाव तेथून हलत नाही. आपल्या रजिस्टरातली जागा मात्र पक्की नाही. आज जो मुलगा पहिल्या रकान्यात आहे तो उद्या बाप होईल आणि दुसऱ्या रकान्यात सरकेल. तेव्हा आजचा दुसऱ्या रकान्यातला माणिक कोठे जाईल? तिसरा रकाना नाही. आजोबाचे नाव आपल्याकडे कोणी विचारत नाही. म्हणजे एका पिढीचा अवधी आहे. पंचवीस वर्षे म्हणा. त्यानंतर माणिक फक्त नगराच्या पाटीवर आणि समाधीच्या आरतीत उरेल. माणसांत उरणार नाही.

तेव्हा मागणी काय? मी काही सर्वांनी माणिक नाव ठेवा अशी चळवळ काढायला निघालो नाही. तीनच गोष्टी मागतो. एक, शिक्षकबंधूंनी आणि कचेऱ्यांत कलम धरून बसलेल्या आपल्याच मुलांनी, बाप जे नाव सांगेल ते तसेच लिहावे; अप्पाचा राव आणि रावाचा अप्पा करू नये, आणि 'ण' असेल तेथे 'ण' लिहावा. दोन, घरात नाव ठरवताना पोराटोरांनी मोबाईल पाहावा, खुशाल पाहावा. पण त्याआधी एकदा जुन्या ट्रंकेतले कागद काढून आजोबा-पणजोबांची नावे मोठ्याने वाचावी. वाचून मग नको म्हणावे. तीन, ज्यांची नावे माणिक, मैलारी, गुंडप्पा, धोंडीराम अशी आहेत त्यांनी ती पूर्ण उच्चारावी. 'एम. आर.' नाही, 'मॅनी' नाही. माणिक. आपलेच नाव आखडते घेणाऱ्याच्या मुलाने ते का पुढे न्यावे?

नातवाचे नाव काय ठेवले, हे तुम्ही विचाराल. आत्याने कानात जे सांगितले ते नाव दोन अक्षरी आहे, गोड आहे, आणि पुस्तिकेतले आहे. मी पाळण्याची दोरी ओढली आणि त्याच नावाने त्याला हाक मारली, जशी माझ्या वडिलांनी माझ्या मुलाला मारली होती. तक्रार करण्याचा हक्क मी तीस वर्षांपूर्वीच गमावून बसलो आहे. पण तुमच्यापैकी कोणाच्या घरी या मार्गशीर्षात पाळणा हलणार असेल, तर तुमचा हक्क अजून शाबूत आहे. तो वापरा किंवा वापरू नका. मात्र माणिकला नावे ठेवून तो सोडू नका.